बर्गी कलकत्त्यास येतो

मोठे शहर प्रथमच पाहावयास निघालेला विद्यार्थी ते शहर बहुधा अगोदरच पाहून बसलेला असतो. शाळेच्या पुस्तकांतील चित्रे, चित्रपट, मोठ्यांच्या गप्पा यांतून त्याने एक शहर मनात उभे केलेले असते आणि गाडीतून उतरल्यावर पहिले दोन दिवस तो खरे शहर त्या मनातल्या शहराशी ताडून पाहत राहतो. कलकत्त्याच्या बाबतीत मराठी माणसाचे हे मनातले शहर विशेष पक्के आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले तेव्हापासून कलकत्त्याच्या गल्ल्या, तिथल्या खाणावळी आणि तिथला पाऊस हे सारे मराठी वाचकाला घरच्यासारखे झाले आहे. शहराचे अधिकृत नाव २००१ साली कोलकाता झाले. मराठी तोंडात मात्र ते अजून कलकत्ताच आहे.

नागपूरचा एक विद्यार्थी जानेवारीच्या थंडीत या शहराकडे निघाला, तेव्हा त्याच्या मनातले कलकत्ता शरच्चंद्रांचे नव्हते. तो इतिहासाच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंधाचा आराखडा तयार होता. प्राध्यापकांनी तो वाचून परत देताना एवढेच म्हटले होते, "कागद पाहिलेत, आता मुलूख पाहून या." विद्यार्थ्याने ही आज्ञा शब्दशः मानली. पाच दिवसांचा कार्यक्रम त्याने एका कागदावर तासवार लिहून काढला, आणि त्या कागदाची घडी खिशात घालून तो संध्याकाळच्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसला.

ही गाडी २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली. मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते, आणि जीत वर्गभेद नाहीत अशी गाडी म्हणून तिचा मोठा गौरव झाला. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले आणि वर्ग परत आले, ही गोष्ट निराळी. रूळ तर त्याहून जुने. १८८७ साली स्थापन झालेल्या ज्या कंपनीने ते पुढे कलकत्त्यापर्यंत नेले तिचे नावच बेंगॉल नागपूर रेल्वे असे होते. भास्करराम कोल्हटकरांच्या घोडदळास जो टापू ओलांडावयास कित्येक आठवडे लागले, तो विद्यार्थ्याने एका रात्रीत आणि एका सकाळीत ओलांडला. त्यातली रात्र झोपेत गेली.

रविवारी दुपारी हावड्यास त्याला उतरवून घ्यावयास एक तिशीचा बंगाली गृहस्थ आला होता. धंतोलीत विद्यार्थ्याच्या शेजारी राहणारे एक वृद्ध रेल्वे अधिकारी मूळचे कलकत्त्याचे. त्यांची थोरली बहीण बागबाजारात राहते, तिचा हा नातू. उतरण्याची सोय तिच्याच घरी होती. कार्यक्रमाच्या कागदावर पहिली ओळ 'हावडा पूल, पायी' अशी होती. नातवाने ती वाचली आणि विद्यार्थ्याच्या हातातील बॅग घेऊन तो सरळ स्टेशनसमोरच्या घाटाकडे वळला. "पुलावरून पूल दिसत नाही," तो म्हणाला. ही गोष्ट खरी आहे. पुलावर दिसतात ती फक्त माणसे, ओझी, बस आणि पुढच्या माणसाची पाठ. बागबाजारला जाणारी लाँच पुलाच्या खालून निघाली तेव्हा कोठे विद्यार्थ्याला त्याचा आकार कळला. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन काठांवरच्या दोन मनोऱ्यांतून लोखंड पुढे झेपावलेले आणि मधोमध जोडलेले. दोन मनोऱ्यांमधील अंतर १,५०० फूट. हा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी रहदारीस खुला झाला. त्यास लागलेल्या सुमारे २६,५०० टन पोलादापैकी बहुतेक पोलाद टाटांच्या कारखान्यातून आले होते, कारण युद्धामुळे विलायतेचा माल येणे कठीण झाले होते. १९६५ साली त्यास रवींद्र सेतु हे नाव मिळाले. लोक आजही हावडा पूलच म्हणतात. लाँचमधील प्रवाशांपैकी कोणीही मान वर करून त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांचे लक्ष उतरण्याच्या घाटाकडे होते. विद्यार्थ्याला एवढे मात्र जाणवले की ज्या नदीला त्याचे नकाशे हुगळी म्हणतात तिला लाँचमधील प्रत्येक जण गंगा म्हणत होता.

उजव्या हातास घाट एकामागून एक सरकत गेले. निमतला घाटावर धूर होता. १९४१ साली रवींद्रनाथांचे दहन याच घाटावर झाले. पुढे कुमारटुली आले. तेथील मूर्तिकारांची घाई सरस्वतीपूजेची होती, आणि गल्लीच्या तोंडाशी गवताच्या पेंढ्यांनी बांधलेले, अद्याप माती न चढलेले देवीचे सांगाडे ओळीने उभे केलेले दिसत होते. मग बागबाजार.

घर जुने, तीन मजली, मधल्या चौकात नळ आणि वर हिरव्या झिलमिलीच्या खिडक्या. घरच्या वृद्ध बाईंना सारे जण ठाकुमा म्हणत, म्हणजे बापाची आई. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. चार वर्षांचा पणतू त्यांच्या मांडीवर होता. पाहुणा नमस्कार करून बसला. ठाकुमांनी त्यांच्या भावाची खुशाली विचारली, नागपुरास थंडी किती आहे ते विचारले, आणि मग म्हणाल्या, "भोसले राजाचे नागपूर ना?"

विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. घरापासून सव्वाअकराशे किलोमीटरांवर, एका ऐंशी वर्षांच्या बंगाली आजीला भोसल्यांचे नाव ठाऊक असावे, याहून मोठी पोचपावती प्रबंधास कोणती मिळणार! त्याने आपल्या हिंदीत सांगितले की तेच नागपूर, आणि तो याच भोसल्यांचा अभ्यास करतो, आणि त्यांच्या फौजा ज्या ज्या ठिकाणी पोहोचल्या ती ठिकाणे पाहावयास तो आला आहे. नातवाने भाषांतर केले. ठाकुमा मनमोकळ्या हसल्या.

"म्हणजे घरात बर्गीच आला की!"

तो शब्द ऐकताच मांडीवरचा पोरगा जागा झाला, त्याने पाहुण्याकडे एकदा पाहिले आणि ठाकुमांच्या पदरात तोंड खुपसले. पुढे जेवणे होईपर्यंत तो बाहेर आला नाही.

बारगीर हा शब्द मराठी माणसास सांगावयास नको. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि ज्यास घोडे व हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. आपल्या भाषेत हा नोकरीचा एक प्रकार आहे, याहून अधिक काही नाही. हाच शब्द बंगालीत गेला, बर्गी झाला, आणि तेथे त्याचा अर्थ पावणेतीनशे वर्षे एकच राहिला आहे. बंगालमध्ये मुलाला झोपविताना एक गीत म्हणतात. त्यात शेतावरचे धान पाखरांनी खाऊन टाकलेले आहे, बर्गी देशात आले आहेत आणि त्यांची मागणी कशातून पुरी करावी या विवंचनेत गाणारी बाई आहे. विद्यार्थ्याला हे गीत माहीत होते. आराखड्याच्या तिसऱ्या प्रकरणात त्याने त्याचा उल्लेख केला होता आणि 'मराठ्यांच्या दराऱ्याचे लोकवाङ्मयातील प्रमाण' असे त्यास म्हटले होते. तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक 'बंगालवरील विजय' असे होते.

त्या रात्री पलीकडच्या खोलीत दिवा मालविल्यावर ठाकुमा ते गीत म्हणत होत्या. पोरगा मधूनच काही विचारी. बहुधा पाहुणा झोपला की नाही हे विचारीत असावा. ठाकुमा हलक्या आवाजात उत्तर देत आणि गीत पुन्हा सुरू होई. चाल अगदी साधी होती. विद्यार्थी बराच वेळ जागा राहिला.

दुसरा दिवस सोमवार. कार्यक्रमाच्या कागदावर भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि जोडासाँकोचे ठाकुरवाडे ही तिन्ही स्थळे याच दिवशी होती. नातवाने कामावर निघताना कागद पाहिला आणि सांगितले की ही तिन्ही स्थळे सोमवारी बंद असतात. इतिहासाचा विद्यार्थी दोनशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या तिथ्या तोंडपाठ सांगतो आणि चालू आठवड्याचे वार विसरतो, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही. ठाकुमांनी मात्र तोड काढली. "मग तुमचा खंदक पाहून ये," त्या म्हणाल्या. "येथून दहा मिनिटांवर आहे."

खंदक आता नाही, नाव आहे. बागबाजारात एका गल्लीच्या पाटीवर 'मराठा डिच लेन' असे लिहिलेले आहे. विद्यार्थी त्या पाटीखाली उभा राहिला. समोर इस्त्रीवाला, एक मिठाईचे दुकान, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. त्याने मिठाईवाल्यास विचारले, हे नाव कशावरून पडले? मिठाईवाल्याने पाटीकडे अशा नवलाने पाहिले की जणू ती आज सकाळी लागली आहे. "पहिल्यापासूनच आहे," तो म्हणाला, आणि त्याने पाहुण्यापुढे एक रसगुल्ला ठेवला.

हकीकत अशी की १७४२ च्या वसंतात रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम हे पश्चिम बंगालच्या मुलखात उतरले. नबाब अलीवर्दीखानास त्यांनी वर्धमानजवळ कोंडीत गाठले, आणि पुढे प्रत्यक्ष राजधानी मुर्शिदाबादेवर धाड घालून जगत्शेठांची पेढी लुटली. गंगेच्या पश्चिमेकडील गावांतून माणसे नदी ओलांडून पूर्वेस पळू लागली. त्यांपैकी पुष्कळ जण इंग्रजांच्या कलकत्त्यात येऊन राहिले, आणि शहराच्या वाढीस या पळून आलेल्या वस्तीचा हातभार लागला. शहरातील रहिवाशांनी कंपनीच्या कौन्सिलकडून परवानगी घेतली आणि स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला. तोवर मराठे आले नाहीत, भीती ओसरली, आणि काम जेथल्या तेथे राहिले. मराठे कलकत्त्यावर पुढेही कधी आले नाहीत. १७५६ साली जो शत्रू खरोखर आला तो नबाब सिराजउद्दौला, आणि त्याला या अर्धवट खंदकाने अडविले नाही. १७९९ साली खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. त्या रस्त्याच्या उत्तर भागास आज आचार्य प्रफुल्लचंद्र रायांचे आणि दक्षिण भागास आचार्य जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे.

म्हणजे शहराचा एक मोठा हमरस्ता न आलेल्या माणसांच्या भीतीवर बांधलेला आहे. हे ध्यानात येताच विद्यार्थ्याने बस सोडली आणि तो त्या रस्त्याने पायी निघाला. शहर पाहण्याचा हा प्रकार कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही, परंतु पहिल्या दिवसांत शहर कळते ते अशा एखाद्या वेड्या चालण्यातूनच. श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक आणि त्यातील नेताजींचा अश्वारूढ पुतळा मागे पडला. वाटेत लोखंडी सामानाची, जुन्या यंत्रांची, लाकडाची दुकाने, पदपथावर आंघोळ करणारी माणसे, ओझ्याच्या हातगाड्या. बरेच अंतर चालल्यावर उजव्या हातास एक जुनी इमारत लागली. ती बंगीय साहित्य परिषदेची.

या परिषदेचे येथे असणे हा योगायोगच म्हणावयाचा. बर्गींच्या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' नावाचे एक बंगाली काव्य रचले. त्याच्या हस्तलिखितावरील साल १७५१ च्या सुमारास येते, म्हणजे अलीवर्दी आणि रघूजी यांचा तह झाला त्याच वेळचे. हे हस्तलिखित मैमनसिंगकडे सापडले, आणि ते १९०६ साली प्रथम छापले ते याच परिषदेच्या पत्रिकेने. ज्या खंदकाच्या धास्तीची ती कथा, त्याच खंदकाच्या रस्त्यावर ती छापणाऱ्या संस्थेचे घर. विद्यार्थी दारापर्यंत गेला. प्रबंधाच्या संदर्भसूचीत हे काव्य होते. वाचलेले मात्र नव्हते. इतर पुस्तकांत त्यातील जेवढे उतारे आले तेवढेच त्याला ठाऊक होते. संदर्भसूचीची ही पद्धत आपल्या विद्यापीठांत अपरिचित नाही.

तेथून तो कॉलेज स्ट्रीटवर गेला. पुस्तकांचा हा बाजार म्हणजे वाचणाऱ्या माणसाची जत्राच. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या कुंपणास लागून लाकडी खोपट्यांत छतापर्यंत रचलेली पुस्तके, आणि त्या ढिगात पाठ न वळविता हवे ते पुस्तक काढून देणारे विक्रेते. १८१७ चे हिंदू कॉलेज, १८३५ चे मेडिकल कॉलेज, १८५७ चे विद्यापीठ ही सारी एका हाकेच्या अंतरात आहेत. रस्त्यात ट्रामचे रूळ दिसत होते. १८७३ साली घोड्यांनी आणि १९०२ पासून विजेने चालणारी ही ट्राम पाहण्याची विद्यार्थ्यास फार हौस. पण तिचे मार्ग आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तो अर्धा तास रुळांकडे पाहत उभा राहिला आणि शेवटी बसने घरी आला.

मंगळवारी संग्रहालय उघडले. लोक त्यास जादुघर म्हणतात आणि खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे ज्या भाविकपणे देवळात फिरावे तशी त्यात फिरतात. १८१४ साली एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने सुरू झालेले हे संग्रहालय भारतात सर्वांत जुने. गर्दी मिसरी ममीपाशी होती. विद्यार्थी भरहुतच्या दालनात गेला. मध्य भारतातील भरहुतचा हा बौद्ध स्तूप कनिंगहॅमला १८७३ साली सापडला आणि त्याचा तांबडा दगडी कठडा कलकत्त्यास आणून उभारण्यात आला. या कठड्याचा एकेक खांब, एकेक आडवा दगड निरनिराळ्या माणसांनी दान दिलेला आहे आणि दात्याचे नाव ब्राह्मी लिपीत त्यावर कोरलेले आहे. त्यांत करहाकट नगराचे दान आहे. करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे विद्वान मानतात. भोजकटाच्या एका भिक्षुणीचेही दान त्यांत आहे, आणि भोजकट म्हणजे विदर्भ. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका भिक्षुणीने दिलेल्या दगडाची ही नोंद विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात कधी भेटली नव्हती. अक्षरे शोधण्याकरिता तो इतका वाकला की पहारेकऱ्यास येऊन त्याला मागे सारावे लागले.

व्हिक्टोरिया मेमोरियलविषयी फार बोलावयास नको. मकराण्याचा संगमरवर, विल्यम एमर्सनची रचना, १९०६ साली पायाभरणी आणि १९२१ साली उद्घाटन. मधल्या काळात राजधानीच दिल्लीस गेली होती, त्यामुळे साम्राज्याच्या या स्मारकास यजमानच उरला नाही. बाग उत्तम आहे. बागेत बसून विद्यार्थ्याने शेंगा खाल्ल्या आणि पाय चेपले.

बुधवारी तो अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. बेल्व्हेडियर हा एके काळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचा वाडा. १९५३ साली ग्रंथालय तेथे जनतेस खुले झाले. सर जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रहही याच ग्रंथालयाकडे आला आहे. जदुनाथांचे आणि रियासतकार सरदेसायांचे अर्ध्या शतकाचे सख्य मराठी वाचकांस ठाऊक आहे. एक बंगाली आणि एक मराठी, दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार संपादन केला, आणि पुष्कळ बाबतींत मते जुळत नसतानाही एकमेकांस पत्रे लिहिणे कधी सोडले नाही. बर्गींनी बंगालची जी दैना केली ती जदुनाथांनी आपल्या ग्रंथांत कोणताही शब्द न गिळता लिहिली आहे. शिवछत्रपतींवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारेही तेच.

विद्यार्थ्याने गंगारामाचे काव्य मागविले. १९६५ साली एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद मूळ संहितेसह प्रसिद्ध केला आहे. तो दुपारपर्यंत वाचीत बसला. काव्याचा आरंभ त्याला अनपेक्षित होता. पापाच्या भाराने पृथ्वी त्रस्त होते, देवांकडे जाते, आणि शिव नंदीस साताऱ्याच्या शाहूराजाकडे पाठवितो. म्हणजे मराठे येतात ते देवाच्या इच्छेने, पाप्यांना शासन करण्यासाठी. कवीच्या मनात मराठ्यांविषयी आधीचा आकस नाही. मग माणसे पळू लागतात, आणि येथे गंगाराम प्रत्येक धंद्याचा माणूस हातात काय घेऊन पळाला ते सांगतो. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन, सोनार तराजू घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळे घेऊन, शंखाच्या बांगड्या करणारा आपली करवत घेऊन. बर्गी पाहिले का असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर असे की पाहिले नाहीत. सारे पळतात म्हणून आम्हीही पळतो. पुढे जेव्हा बर्गी खरेच गाठतात तेव्हा काय झाले तेही त्याने लिहिले आहे. जाळलेली गावे, कापलेले हात, बायकांवरील अत्याचार. ते येथे सांगण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने ते दोनदा वाचले. ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रियांचा छळ पाहून देवीच मराठ्यांवर कोपते, आणि काव्य संपते ते भास्कररामांच्या वधाने.

भास्कररामांनी १७४२ च्या आश्विनात काटव्याजवळ दाँईहाट येथे दुर्गापूजा मांडली होती. पूजा पुरी होण्यापूर्वीच अलीवर्दीने रात्री नदी ओलांडून छापा घातला आणि त्यांना मूर्ती तशीच सोडून निघावे लागले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे तहाच्या बोलण्याकरिता बोलावून नबाबाने तंबूत त्यांना सरदारांसह ठार करविले. मराठी ग्रंथांत हा विश्वासघात ठळक अक्षरांत येतो, आणि तो विश्वासघातच होता. पण भास्कररामांना मारणाऱ्यांच्या बाजूस देवीला उभे करणारा कवी हा कोणी दरबारी भाट नव्हता, आणि पळणाऱ्यांच्या हातांत काय काय होते हे त्याने मोजून ठेवले होते. आराखड्याच्या तिसऱ्या प्रकरणात करवत, तराजू, चाक यांपैकी काहीच नव्हते. फौजेची संख्या होती, चौथाईचा आकडा होता, १७५१ च्या तहाचे बारा लाख रुपये होते.

त्या संध्याकाळी ठाकुमा भाजी निवडीत होत्या. विद्यार्थी त्यांच्याजवळ जाऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "ठाकुमा, तुम्हांला आमचा राग येतो का?"

त्यांना प्रश्न नीट कळला नाही. नातवाने तो पुन्हा सांगितला. "राग कसला?" त्या म्हणाल्या. "बर्गी नसते तर पोरे झोपली असती का?" मग हातातले काम थांबवून त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९०६ साली कलकत्त्यात शिवाजी-उत्सव झाला. लोकमान्य टिळक त्यासाठी आले होते, आणि त्यांच्या समवेत दादासाहेब खापर्डे. ठाकुमांचे आजेसासरे ती सभा पाहावयास गेले होते आणि त्यांनी घरी येऊन आपल्या आईस सांगितले की बर्गींच्या राजाची पूजा झाली. आईने त्यांना दोन दिवस घरात घेतले नाही, असे ठाकुमा म्हणाल्या. त्यात थोडी भर असावी. तो उत्सव बंगालमध्ये रुजविणारे सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घराण्यातले, देवघरकडे जन्मलेले आणि बंगालीत लिहिणारे. त्यांचे 'देशेर कथा' हे १९०४ चे पुस्तक सरकारने १९१० साली जप्त केले. रवींद्रनाथांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली ती देऊस्करांच्याच पुस्तिकेसाठी. "दोन्ही गोष्टी या घरात झाल्या," ठाकुमा म्हणाल्या, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

रात्री विद्यार्थ्याने आराखडा काढला. 'बंगालवरील विजय' यातील 'विजय' खोडून त्याने 'स्वाऱ्या' लिहिले; मग तेही खोडले आणि जागा मोकळी ठेवली. प्राध्यापकांना निरोप पाठविला की शीर्षक सुचत नाही. सकाळी उत्तर आले: "शीर्षक शेवटी. अगोदर प्रकरण लिहा. गंगाराम मुळातून वाचावयाचा असेल तर बंगाली शिका."

गुरुवारी जोडासाँको झाले. रवींद्रनाथांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही ज्या वाड्यात झाले, तेथे विद्यार्थी फार वेळ थांबू शकला नाही, कारण घरचा पोरगा बरोबर होता. चार दिवसांत त्याची भीती गेली होती. तो पाहुण्यास आता 'बर्गी-काकू' म्हणे. काकू म्हणजे बंगालीत धाकटा काका. मराठी कानाला हे संबोधन पचावयास वेळ लागतो. त्या बर्गी-काकूने त्याला नदीखालची रेल्वे दाखवावी अशी त्याची अट होती. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच शहरात सुरू झाली, आणि मार्च २०२४ पासून तिची एक शाखा गंगेच्या पात्राखालून हावड्यास जाते. पात्राखालचे अंतर सुमारे ५२० मीटर. ते पाऊण मिनिटात संपते. पोराने नाक खिडकीच्या काचेस लावले. बाहेर निळ्या दिव्यांखेरीज काही नव्हते. मासे कोठे आहेत, असे त्याने तीनदा विचारले.

शुक्रवारी दुपारची परतीची गाडी होती. ठाकुमांनी खजुराच्या नव्या गुळाचे संदेश डब्यात भरून दिले, भावासाठी वेगळे आणि पाहुण्यासाठी वेगळे. नातवाने बॅग उचलली. विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला. दाराशी पोरगा उभा होता. तो ठाकुमांना विचारीत होता की बर्गी-काकू परत कधी येणार.

"धान पिकले की येईल," ठाकुमा म्हणाल्या. "त्यांची यायची वेळ तीच."

नातवाने हसत भाषांतर केले. विद्यार्थ्यास ते भाषांतरापूर्वीच कळले होते. त्याने मान हलवून होकार दिला आणि खाली बसून तो बुटांचे बंद बांधू लागला.